साडूला दिलेली माती

साडूच्या पॉलिहाऊसमधली झाडं मरावीत म्हणून मी टेम्पो भाड्याने केला आणि माझ्या शेतातली रोगट माती पोत्यांत भरून त्याला भेट म्हणून नेऊन दिली. हे वाक्य बरेच दिवस मनात होतं, कागदावर येत नव्हतं. आता आलं आहे, तर पुढचंही सांगतो. यात कुठे मी चांगला दिसलो, तर ती माझ्या लिहिण्यातली चूक समजावी.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तळेगावच्या पुढे मावळात त्याची जमीन आहे आणि तिथे तो बरीच वर्षं जरबेरा लावतो, लग्नाच्या मांडवात आणि गाडीच्या बॉनेटवर दिसतात ती मोठी लाल-पिवळी फुलं. मी चाकणजवळच्या गावातला. आमची बरीचशी जमीन कंपन्यांच्या भिंतींआड गेली, थोडी उरली. मी स्वतः एका कंपनीत क्वालिटीला आहे. गिअरचे शाफ्ट मोजतो, चुकलेले बाजूला काढतो. उरलेल्या जमिनीवर आपणही एक लहान पॉलिहाऊस घालावं, हे वेड मला साडूनेच लावलं.

"पाव्हणं, रोपं इकत कशापायी आनताय? घरचं हाय की. माझं जुनं ठोंब फोडून देतो," तो म्हणाला होता.

ओल्या गोणपाटात गुंडाळलेले ठोंब घेऊन तो स्वतः आला. वर नारळही ठेवला होता. मी त्याला शाल दिली. लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस मिसळून मी बेड तयार केले होते, त्यांत आम्ही दोघांनी मिळून ती रोपं लावली. माझी बायको मागे उभी राहून फोटो काढत होती.

रोपं धरली, पानं आली, पहिली फुलंही आली. मग एका दुपारी काही झाडांच्या माना पडलेल्या दिसल्या. संध्याकाळी ती पुन्हा उभी राहिली, म्हणून मी ऊन जास्त असेल असं समजलो. पुढे संध्याकाळीही ती उठेनात. एक झाड ओढून पाहिलं तर ते माझ्या हातात आलं आणि मुळं जमिनीतच राहिली. जी थोडी वर आली ती तपकिरी, बुळबुळीत होती, आणि त्यांना वास येत होता. आमच्याकडे याला मर लागणं म्हणतात. जमिनीतली एक बुरशी मुळातून आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवते आणि झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेनं मरतं.

साडूला बोलावलं. त्याने बेडमध्ये बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाला, "पानी लई झालं आसंल. कंपनीवाल्यांचा हात सैल आसतो नळाला." माझाच हात सैल झाला असेल, असं मीही धरून चाललो. स्वतःवर दोष घेण्याची मला सवय आहे.

खरं काय ते एका जावळाच्या पंगतीत कळलं. साडू माझ्या शेजारी बसला होता. कुणीतरी माझ्या फुलांची चौकशी केली आणि साडू भाताचा घास तोंडात असतानाच हसला.

"त्ये ठोंब व्हय? आरं, त्ये तर मी उकिरड्यावर टाकाया काढलेलं. त्या बेडला मर लागल्याली. म्हटलं, पाव्हन्यांना हौस हाय, नशिबात आसंल तर जगत्याल!"

सगळी पंगत हसली. मीही हसलो, वरण वाढणाऱ्याला "अजून थोडं" असंही म्हणालो. त्या जेवणातलं काहीच मला आठवत नाही. एवढंच आठवतं की घरी येताना गाडी चालवत मी बायकोला म्हणालो, "तुझ्या बहिणीचा नवरा मोठा विनोदी माणूस आहे." ती म्हणाली, "हो ना." तिने पंगतीतलं ते ऐकलंच नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरा विषय राहिला नाही. शाफ्ट मोजताना, कंपनीच्या बसमध्ये, दाढी करताना मी त्याचं पॉलिहाऊस मेलेलं पाहायचो. त्याची झाडं एकदम मरू नयेत, माझी मेली तशीच मरावीत, आधी दुपारी मान टाकावी, संध्याकाळी उचलून त्याला आशा लावावी, आणि मग मरावीत, असं मला वाटायचं. यात मला जी गोडी वाटायची तिची आज लाज वाटते, पण गोडी होती हे खरं.

मर लागलेलं झाड लगेच उपटून जाळायचं असतं. सगळे तेच सांगत होते. मी उपटलं नाही. ती झाडं मला पुरावा म्हणून हवी होती. घरी कुणीही पाहुणा आला की चहाच्या आधी मी त्याला पॉलिहाऊसमध्ये नेऊन मेलेली झाडं दाखवायचो आणि "साडूंची भेट" एवढंच म्हणायचो. त्यामुळे सगळा बेड सावकाश, माझ्या डोळ्यांसमोर मेला. दाराकडच्या टोकाची झाडं सगळ्यांत शेवटी गेली. ती फार दिवस तग धरून होती, याचा मला उलट रागच यायचा.

मग संधी चालून आली. साडूला नवे बेड घालायचे होते आणि त्याच्याकडे लाल माती कमी पडत होती. मी फोनवर म्हणालो, "माझ्याकडे उरली आहे, आणून देतो." माझ्याकडे न वापरलेल्या मातीचा ढीग खरोखरच होता. बायकोला मी त्यातलीच देतोय असं सांगितलं. पोती भरली ती मात्र मेलेल्या बेडमधून. दाराकडच्या टोकाला माती ओलसर होती, खोरं सहज जात होतं, म्हणून तिथूनच बरीचशी काढली. मेलेली मुळंही आत राहू दिली.

साडू घरी नव्हता. मेहुणी एकटीच होती. नवा बेड तीच घालणार होती; तिथलं बरंचसं काम तिचंच असतं, हे मला माहीत होतं, पण माझ्या हिशेबात ती कुठेच नव्हती. तिने पोतं उपडं केलं आणि उघड्या हातांनी ढेकळं फोडायला बसली.

"दाजी, काय भुसभुशीत माती हाय हो! आमची बघा, निस्ता दगड."

"चांगली आहे," मी म्हणालो.

"हातमोजं घाला म्हणत्यात हे, पन मला मातीत हात घातल्याबिगर करमत न्हाई."

तिने केलेला चहा मी प्यायलो. निघताना तिने मला डब्यात चकल्या दिल्या. त्या चकल्या मी चाकणच्या चौकात एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला देऊन टाकल्या. हे दान मी पापाच्या भीतीपोटी केलं.

त्यानंतर गुरुवारच्या सुट्टीला मी काही ना काही निमित्त काढून तिकडे जाऊ लागलो. कधी बायकोला बहिणीकडे सोडायचं, कधी पंपाचा वायसर दाखवायचा. ऐन दुपारी पोचायचं, कारण मान दुपारी पडते. नव्या बेडपाशी मी उभा राहायचो, आणि झाडं ताठ. पानं गडद, रुंद. जुन्या बेडमध्ये इथे तिथे एखादं मलूल दिसायचं, पण माझी माती घातलेल्या बेडमध्ये एकही नाही. लग्नसराई आली तेव्हा त्याच बेडची फुलं सगळ्यांत लांब दांड्याची निघाली. मेहुणीने आमच्याकडे एक जुडी पाठवली. बायकोने ती टीव्हीशेजारी तांब्यात ठेवली. जरबेऱ्याचं फूल पाण्यात फार टिकतं. मी रोज जेवताना ते कधी मान टाकतंय याची वाट पाहायचो.

इकडे मी माझा बेड स्वच्छ करायला घेतला. उरलेली मुळं जाळली, निर्जंतुक करायचं औषध ओतलं, वर प्लास्टिक ताणून उन्हात शिजवलं. जमिनीत काही म्हणता काही जिवंत राहू नये, एवढाच ध्यास होता. मग प्रयोगशाळेतली कोवळी रोपं विकत आणून लावली. ती पहिल्यांदापेक्षा लवकर मेली.

हे कोडं साडूच्या पॉलिहाऊसमध्येच सुटलं, आणि मी समोर असताना सुटलं. कृषी महाविद्यालयातल्या एक संशोधक बाई आसपासच्या फूलशेतीतले मातीचे नमुने गोळा करत होत्या. त्या गुरुवारी मी पोचलो तर त्या नव्या बेडपाशी उकिडव्या बसल्या होत्या. एक झाड मुळासकट काढून पाण्याच्या बादलीत हलवत होत्या. मुळं पांढरीशुभ्र होती. साडू आणि मेहुणी दोघंही उभी होती.

"शेजारच्या बेडमध्ये मर आहे आणि इथे नाही. पाणी तेच, खत तेच. म्हणून विचारतेय," त्या म्हणाल्या.

"नशीब," साडू म्हणाला.

"नशीब आम्हाला लिहिता येत नाही हो अहवालात." त्या हसल्या. मग मूळ बोटावर धरून सांगू लागल्या. मला ते जमेल तसं लिहितो.

मूळ नुसतं पाणी पीत नाही. पानांनी उन्हात कमावलेल्यातला बराच भाग ते मातीत सोडून देतं, साखर म्हणून, आम्लं म्हणून, आणखी किती तरी रसायनं म्हणून.

"म्हंजे फुकट वाटतंय?" साडूने विचारलं.

"फुकट कसलं! जेवणावळ घालतं. त्या जेवणाला जीवाणू येतात, बुरश्या येतात. मदत करणारे येतात तसे लुटारूही येतात. झाडाला चेहरे दिसत नाहीत. दाराशी कोणीही आलं की ते आधी चोरच समजतं. भिंती जाड करतं, विषारी रस सोडतं. मित्र असेल तर तो आपल्याकडची रसायनं सोडून झाडाला शांत करतो, मग त्याला आत घेतात. आणि एकदा असा मित्र मुळाशी राहायला आला की सगळं झाड सावध होतं. पुढे खरा चोर आला तर हत्यार काढायला वेळ लागत नाही."

"आन सारखंच हत्यार काढून बसलं तर?" मेहुणीने विचारलं.

"तर फुलत नाही. सगळी ताकद त्यातच जाते."

मेहुणीने मान हलवली. मी ठिबकच्या नळीकडे बघत राहिलो. मग बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला लगेच समजली. काही रोगांत बुरशी पानात शिरली की झाड त्या जागेभोवतीच्या स्वतःच्याच पेशी मारून टाकतं. मेलेल्या पेशींचा एक डाग राहतो आणि रोग तिथेच अडकतो. डागाच्या पलीकडचं पान हिरवं राहतं. झाडाला तिथे थांबता येतं, एवढाच त्याच्यात आणि माझ्यात फरक, असं मला तेव्हा वाटलं.

"आणि आता माझा प्रश्न," बाई म्हणाल्या. "रोगट झालेलं झाड मुळातून सोडायची रसायनं बदलतं. जणू मदतीला हाक मारतं. त्या हाकेवर उपयोगी जीवाणू गोळा होतात. ते झाड वाचतंच असं नाही. पण जीवाणू मातीत राहतात आणि त्याच मातीत पुढे लावलेली झाडं कधी कधी रोगाला दाद देत नाहीत. दर वेळी होत नाही. इथे तसं झालंय का, ते तपासायचंय. ही माती कुठली?"

"ही आमच्या दाजींनी आनली," मेहुणी कौतुकाने म्हणाली आणि माझ्याकडे वळली. सगळेच वळले.

"या मातीत आधी काय होतं?" बाईंनी विचारलं.

"जरबेरा."

"मर लागली होती?"

नाही म्हणणं सोपं होतं. उरलेल्या ढिगातली आहे, हे खोटं तर तयारच होतं. पण साडूच्या तोंडावर तेच पंगतीतलं हसू होतं, आपल्या नशिबावर खूश असलेलं, आणि ते पुसण्याची संधी मला सोडवेना.

"हो," मी त्याच्याकडे बघून म्हणालो. "सगळा बेड मेला होता. म्हणूनच आणली."

ते समजायला त्याला थोडा वेळ लागला. मग हसू गेलं. मी ते जाताना पाहिलं आणि सांगतो, फार बरं वाटलं.

"म्हंजे तुमी मर लागल्याली माती माझ्या घरात आनून वतली?"

"मर लागलेली रोपं तुम्ही माझ्या घरात आणून लावलीत. नारळ ठेवून."

बाईंचं पेन थांबलं. "एक मिनिट. रोपं कुणाची?"

"यांची," मी म्हणालो.

"माती?"

"त्येंची," साडू म्हणाला.

"म्हणजे रोग यांचा, माती तुमची, आणि फुलं पुन्हा यांची." त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. "तुम्ही त्यांना मारायला गेलात आणि औषधच आणून दिलंत की हो."

कुणी हसलं नाही. मेहुणी स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. साडू माझ्याजवळ आला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तो हळू आवाजात बोलला.

"पाव्हणं, मी चुकलो. म्या इचार केला न्हाई. हलगर्जीपना झाला. पन तुमी इचार केलात. पोती भरल्यात, टेम्पो केलात, हिच्या हातचा च्या प्यालात."

त्याने मला गंमत म्हणून बुडवलं होतं, मी त्याला मन लावून बुडवायला निघालो होतो. आणि तरीही त्या क्षणी मला पश्चात्ताप झाला नाही. बोलण्यातही हा माझ्यावर मात करून गेला, एवढंच डोक्यात आलं.

"तुमचं दोघांचं झालं आसंल तर बाजूला सरा," मेहुणी म्हणाली. "पानी बंद करायचंय. बेड भिजला."

जाताना बाईंनी मला माझ्या बेडची मूळ माती किती उरली आहे ते विचारलं. औषध ओतून, शिजवून टाकली, असं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. रिकाम्या मातीत जो आधी शिरेल त्याचं राज्य, आणि तुमच्याकडे बुरशी आधी शिरली, असं म्हणाल्या. इथलीच थोडी माती परत नेऊन मिसळून बघा, असंही सुचवलं.

"न्या की," साडू म्हणाला. "तुमचीच हाय. पन मला तोंडानं मागा. मग न्या."

मी मागितली नाही.

पूर्ण हंगाम गेला. माझं पॉलिहाऊस रिकामं राहिलं, वरचा कागद एका बाजूने फाटला. गाडीवर बसताना बायको रोज तिकडे बघायची. आता तिला सगळं माहीत होतं, बहिणीनेच सांगितलं होतं. तिने मला एका शब्दाने टोचलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "मागितली तर काय झिजणार आहे?" मी म्हणालो, "त्याने आधी मागायला हवी होती." काय मागायला हवी होती, माफी की माती, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. माफी तर त्याने मागितली होती.

मागच्या आठवड्यात ती बहिणीकडे जाऊन आली. परत आली ती रिक्षातून एक पोतं उतरवून घेतच. तळेगावहून बसने आणलं होतं, पायांशी ठेवून. तिच्या साडीच्या काठाला लाल माती लागली होती.

"त्याला माहीत नाहीये," ती म्हणाली. "तिने स्वतः भरून दिलीय. तुम्हाला कुणाला काही मागायला नको."

ती आत पाय धुवायला गेली. मी पोतं उचलून पॉलिहाऊसपर्यंत नेलं. सुतळी सोडली. माती ओलसर, गार होती. तिच्यात पांढऱ्या मुळांचे बारीक तुकडे होते. तिच्यात काय आहे हे मला आता कुणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. बेड समोरच होता.

मी पोतं पुन्हा उचललं, कंपनीच्या भिंतीलगत जी चारी आहे, जिच्यातून तेलकट पाणी वाहतं, तिथवर गेलो आणि तिच्यात ते उपडं केलं. माती थोडा वेळ ढिगासारखी राहिली, मग खालून विरघळत गेली. मला वाटत होतं की मी साडूची माती फेकतोय. वळलो तेव्हा बायको मोरीच्या दारात उभी होती. तिच्या पायांवरून अजून पाणी निथळत होतं. तिने पुढे येऊन रिकामं पोतं माझ्या हातातून घेतलं, झटकलं, घडी घातली आणि आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलते, डबा देते, शिफ्ट कुठली ते विचारते. त्या गोष्टीबद्दल बोलत नाही. मी दोनदा सुरुवात केली, तिने कुकरच्या शिट्ट्या मोजायचं निमित्त केलं. म्हणून हे लिहीत बसलो आहे.

परवा मेहुणीचा फोन आला. बायको समोर भाजी निवडत होती.

"दाजी, माती पोचली का?"

"पोचली."

"मग लावली का रोपं?"

"अजून नाही."

"लावा, लावा. ऱ्हाऊ देऊ नका तशीच. आन ह्यांना कळलं तर कळू द्या, मी बघंन काय त्ये. अजून लागली तर सांगा, मी भरून ठिवते."

बायकोने निवडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हणालो. "पुरेल तेवढी."